चार वाजताचा वास

दुपारचे चार वाजले की माझ्या घाटकोपरच्या घरात तळणाचा वास येतो. करपलेल्या लसणाचा, सोया सॉसचा, पुन्हापुन्हा तापवलेल्या तेलाचा उग्र, ओलसर वास. खिडक्या मी स्वतः लावलेल्या असतात, शेगडी थंडगार असते आणि माझ्या पत्नीला, शालिनीला, जाऊन वर्ष होत आलं आहे. मग हा वास येतो तरी कुठून?

चार ही आमची चोरून खाण्याची वेळ होती. शालिनीला मधुमेह आणि रक्तदाब. आमची सून प्रज्ञा ऑफिसला निघण्यापूर्वी तिच्यासाठी नाचणीची भाकरी, दुधीची भाजी करून झाकून ठेवी. शालिनी झाकण उचलून म्हणे, "अहो, हे आजाऱ्याचं खाऊनच मी आजारी पडेन हो!" मला तिची दया येई. मी पिशवी घेऊन नाक्यावर जाई. मंचुरियन, शेजवान नूडल्स, कधी चीज घातलेला वडापाव आणी. गोड मात्र एकदाही आणलं नाही! साखरेच्या माणसाला गोड वर्ज्य, तिखटाने काय होतंय, ही माझी समजूत. मैदा, मीठ आणि तेल यांना मी परस्पर निर्दोष ठरवून टाकलं होतं.

इतक्या वर्षांच्या संसारात आम्ही इतके जवळ कधी बसलो नसू. आणि तरी त्या अन्नात काहीतरी अमानुष होतं. भाकरीवर थापणाऱ्या बोटांच्या खुणा असतात. या अन्नावर कुणाचीच खूण नव्हती, तरी त्याने शालिनीला हळूहळू ताब्यात घेतलं. साडेतीनपासूनच तिची नजर दाराकडे लागे. मी आत आलो की ती नजर पिशवीवर स्थिरावे, आणि वाटे, तिच्या लेखी मी तिथे नाहीच. रात्री मुला-सुनेबरोबर जेवायला बसली की ती पानातलं नुसतं चिवडत राही. "भूक नाही गं." प्रज्ञाचा चेहरा उतरे. पुढे प्रज्ञाने एकत्र पानं घेणंच सोडलं. जो तो आपलं ताट घेऊन आपल्या खोलीत जाऊ लागला, आणि भरल्या घरात जेवणाच्या वेळी फक्त चमच्यांचे आवाज येऊ लागले.

रिकामे प्लास्टिकचे डबे शालिनी टाकू देत नसे. चांगला डबा टाकायचा कसा? धुऊन-पुसून ती ते ओट्याखाली रचून ठेवी. तिची मूत्रपिंडं निकामी झाली, तेव्हा माझी थोरली बहीण, आक्का, भांडुपहून भेटायला आली आणि तिला ती चळत दिसली.

"हे काय गं प्रज्ञे? सासूला हॉटेलचं घालून मारतेस होय?"

प्रज्ञाने माझ्याकडे पाहिलं. मी वर्तमानपत्राचं पान उलटलं.

दहाव्याला पिंडाला कावळा शिवेना. समोरच्या पिंपळावर कावळे होते, पुष्कळ होते. पण एकही ओरडत नव्हता. आक्का म्हणाली, "प्रज्ञे, हात जोड. म्हण, यापुढे घरात बाहेरचं येऊ देणार नाही." जे तिने केलंच नव्हतं, ते पुन्हा न करण्याचं वचन त्या मुलीने दिलं. कावळे हलले नाहीत. ते पिंडाकडे पाहतच नव्हते. ते माझ्याकडे पाहत होते. एकच वाक्य पुरेसं होतं. मी ते उच्चारलं नाही. अखेर गुरुजींनी दर्भाचा कावळा करून पिंडाला लावला आणि आम्ही घरी आलो. तेव्हापासून नातलगांत प्रज्ञा म्हणजे सासूला खाऊ घालून मारणारी सून.

काल चार वाजता वास आला तेव्हा प्रज्ञा घरी होती, मेथी निवडत होती. मी तिला सगळं सांगितलं. तिची बोटं थांबली नाहीत.

"मला माहीत होतं, बाबा. त्या दिवशी तुम्ही पान उलटलंत ना, तेव्हाच कळलं."

"मग बोलली का नाहीस गं?"

"ते मी बोलायचं होतं का?"

मी आक्काला फोन लावला आणि तो प्रज्ञालाही ऐकू येईल असा मध्ये ठेवला.

"काय रे, चहा झाला का?" आक्काने विचारलं.

"आक्का," मी म्हणालो, "शालिनीला ते सगळं मी खायला घालत होतो. प्रज्ञाने नाही. मी."

आक्का हळू आवाजात म्हणाली, "प्रज्ञा आहे का रे तिथे? तिला दे."