वाघिणीची तपासणी आणि मारुतीभाऊंची नोकरी

डॉ. सुजाताताई वाठोरे यांना मी पहिल्यांदा पाहिले ते लखलखीत धुतलेल्या पिंजऱ्यासमोर, कपाळाला हात लावून उभ्या असताना. नेरडीगोंड्याजवळच्या वन्यप्राणी केंद्रात मी तेव्हा नवखा पशुवैद्य होतो. वाघिणीला उलट्या आणि रक्ताचे जुलाब सुरू झाले होते. तिची देखभाल करणाऱ्या मारुतीभाऊंनी शिळे मांस घातले, असे ठरवून वरिष्ठांनी त्यांना घरी बसवले. जाण्यापूर्वी त्यांनी पिंजरा फिनेलने धुऊन काढला. विषाणूतज्ज्ञ म्हणून ताई विष्ठेचा नमुना घ्यायला आल्या, तर नमुनाच गायब! मारुतीने पुरावा पुसला, अशी कुजबुज सुरू झाली.

ताईंनी मारुतीभाऊंना बोलावून घेतले. "काऊन धुतलं, भाऊ?"

"तुमी येनार होत्या ना, मॅडम. पाहुने येतेत त घर साफ ठेवा लागते."

ताई त्याच भागातल्या नार्नूरच्या, मास्तरांच्या कन्या. आपल्याकडची ही रीत त्यांना कोणी शिकवायला नको होती. "बरोबर हाय. आता वाघीन देईल तवा घेऊ," म्हणून त्या खुर्ची टाकून बसल्या. अशक्त जनावराला भूल देऊन नमुना घ्यायला त्यांनी साफ नकार दिला. आपल्या घाईपायी मुक्या जिवाला धोक्यात घालायचे नाही, हा त्यांचा आजही नियम आहे. दुपारी एकदाचा नमुना मिळाला, तेव्हा ताईंना लॉटरी लागल्याचा आनंद झाला! मी उत्साहाने पुढे धावलो, तर हातमोजे विसरल्याबद्दल त्यांनी सर्वांदेखत माझी हजेरी घेतली.

प्रयोगशाळेतून त्यांचा फोन आला तो मीच उचलला. "विषाणू सापडला," त्या म्हणाल्या. कोणता, हे मी अधीरपणे विचारले.

"आधी मारुतीभाऊंना कामावर बोलवा. नाव मग सांगते."

मांस ताजेच होते. उष्टे खायला गटारीतून आत येणाऱ्या भटक्या मांजरांनी तो आजार आणला होता. गटारीला जाळी बसली, उपचारांना दिशा मिळाली आणि वाघीण सावरली. ताईंनी पुढे अनेक दुर्मिळ प्राण्यांचे आजार ओळखले, माझ्यासारखे कितीतरी विद्यार्थी घडवले. मला मात्र त्या फोनवरच्या ताईंचाच सर्वाधिक अभिमान वाटतो.

ताईंच्या साठीनिमित्त लिहितो आहे, शुभेच्छा काय देऊ, असे मी मारुतीभाऊंना विचारले. वाघिणीसारखे आयुष्य लाभो, असे मीच सुचवले. ते उखडलेच.

"वाघ लय जगत नाई, डॉक्टर! मॅडमसाठी कासवाचं आविष्य मागा. त्यायनं माह्या लेकराइची भाकर राखली."

तेच मागतो.