दहावा नकार

खारकर सर आणि मी स्टाफरूमच्या खिडकीपाशी उकडलेल्या शेंगा खात बसलो होतो. उल्हासनगरच्या आमच्या कॉलेजात मी इंग्रजी शिकवायला लागून आठवडाच झाला होता. सर वाणिज्य विभागात जुने. वीज गेली होती. मी टरफलं रुमालात गोळा करत होते. ते पाहून सरांनी विचारलं, "कॉन्व्हेंट का?" मी हो म्हटल्यावर त्यांनी स्वतःचीही टरफलं माझ्याच रुमालात टाकली. तिथून आमचं जमलं.

सर यंदा पंचाहत्तर पूर्ण करत आहेत. त्यांच्या विद्वत्तेबद्दल या गौरवग्रंथात इतर लिहितीलच. मला त्यांच्या वह्यांबद्दल सांगायचं आहे.

पदवीधरांनी नोकरीमागे न लागता स्वतःचा व्यवसाय काढावा, म्हणून प्रत्येक कॉलेजात उद्योजकता कक्ष हवा, असं विद्यापीठाचं पत्रक आलं. पुष्कळ ठिकाणी दारावर पाटी लागली, एखादं व्याख्यान झालं, फोटोसकट अहवाल गेला. आमचा कक्ष सरांकडे आला आणि त्यांनी पाटीआधी वह्या आणल्या. व्यवसाय काढू पाहणाऱ्यानं आपल्या मालाचा नमुना घेऊन बाजारात फिरायचं आणि दहा जणांचा नकार, कारणासकट, त्यांच्याच हस्ताक्षरात आणायचा. मगच विद्यापीठाच्या बीजभांडवलासाठी सर शिफारस देत. कौतुक घरचे करतातच, असं ते म्हणत.

मोरिवलीची रंजना ही अशीच एक विद्यार्थिनी. तिची आई कारखान्यात कामाला होती आणि तिथले हातमोजे पुरुषी मापाचे, बोटांवर लोंबणारे. रंजनानं बायकांच्या मापाचे मोजे शिवले. नऊ दुकानदारांनी नकार दिले. नववे एक सिंधी व्यापारी. त्यांनी लिहिलं, 'माल अच्छा है बेटी, पर अंगूठे की सिलाई कच्ची है.' तिनं अंगठा उसवून पुन्हा शिवला आणि मोजे अंबरनाथच्या एका कारखान्यात दाखवले. तिथल्या स्टोअरच्या साहेबांनी मोजे कामगार बायकांना घालून पाहायला दिले आणि थेट ऑर्डर दिली. तेवढ्यावर आईनं नोकरी सोडली. आता दुसरं मशीन हवं होतं, आणि अर्जाचा तो शेवटचा दिवस होता.

सरांनी वही चाळली आणि नऊच आहेत म्हणाले.

"सर, दहावा नाही म्हणतच नाहीये," रंजना म्हणाली. "त्यांना काय सांगू, नका घेऊ म्हणून?"

सरांनी तिला पाच वाजेपर्यंत आणखी एक दुकान गाठायला सांगितलं. ती जिन्यात येऊन बसली. मी कारण विचारलं आणि तशीच सरांच्या खोलीत गेले. इतक्या वर्षांत त्यांच्यावर आवाज चढवला तो तेव्हाच.

"सर, ही वही तिच्यासाठी आहे की तुमच्यासाठी?"

 सरांनी रंजनाला आत बोलावलं, दहावं पान उघडलं आणि लिहिलं: 'मी नाही म्हणालो. कारण, मला माझ्या नियमाचं फार कौतुक. चूक माझी.' खाली सही केली. "झाले दहा," म्हणाले आणि शिफारसपत्र लिहायला घेतलं. ते पोचवायला रिक्षानं स्वतःच गेले.

रंजनाचं हेंद्रेपाड्यातलं वर्कशॉप आज तिची आई सांभाळते आणि रंजना मालाची विक्री पाहते.

माझ्या मिस्टरांच्या आजारपणात सरांनी महिनाभर माझे तास घेतले, इंग्रजी कविता चक्क मराठीत समजावल्या. त्या वर्षीच्या मुलांना त्या अजून पाठ आहेत, हे मी जरा नाइलाजानं नोंदवते.

सरांचे गुडघे साथ देवोत, नजर अशीच बारीक राहो, आणि आम्हाला त्यांच्याशी भांडायला अजून खूप वर्षं मिळोत.

समारंभाच्या समितीला एवढंच सांगणं: या ग्रंथाची पहिली प्रत रंजनाच्या आईला द्यावी, दुसरी त्या सिंधी व्यापाऱ्यांना दुकानात नेऊन. सरांना पुष्पगुच्छ नको, उकडलेल्या शेंगा द्याव्यात, मीठ बेतानं. रुमाल मी आणीन. कक्षाच्या कपाटात राहिलेल्या वह्या ज्यांच्या त्यांना परत कराव्यात. ज्यांचे व्यवसाय चालले नाहीत त्यांना आधी बोलवावं, आणि त्यांच्या वह्या सरांच्याच हातून द्याव्यात. रंजना आपली वही कक्षाला देते आहे. ती नव्या प्रमुखांच्या टेबलावर ठेवावी, दहावं पान उघडून.