लाल दोरा, पांढरा दोरा

परवा इथल्या इस्पितळात भरती झाले, तेव्हा नर्स माझ्या मनगटावर हिरवी पट्टी बांधायला आली आणि मला शहापूरच्या दवाखान्यातले दोरे आठवले. दुसऱ्या महायुद्धाचे दिवस होते, मी तिथे नवी नर्स होते. फ्लूच्या साथीत खाटा कमी पडल्या, माणसं ओसरीवर घोंगड्या टाकून निजली होती. फिनेल आणि नीलगिरीचा वास माझ्या केसांतूनसुद्धा जात नसे. फ्लूच्या दोन जाती असतात, असं आमच्या डॉक्टरांनी नुकतंच वाचलं होतं. उंबरमाळी गावाकडून आलेला ताप एका जातीचा, वैशाखऱ्याकडचा दुसऱ्या, असा त्यांना संशय होता आणि जास्त वाईट कुठला ते ताडून पाहायचं होतं. म्हणून मी उंबरमाळीकडच्यांच्या मनगटाला लाल दोरा बांधला, वैशाखऱ्याकडच्यांच्या पांढरा. रोज प्रत्येकाचा ताप आणि खोकला बघता बघता मी मेटाकुटीला आले. एका सकाळी पाहते तर साऱ्यांच्याच हाताला लाल दोरा! गाव विचारलं तर जो तो म्हणे, "आमी उंबरमाळीचेच." मी भडकले. नवऱ्याच्या उशाशी बसलेली एक बाई तर वैशाखऱ्याची हे मला पक्कं ठाऊक होतं. तिला झापलं, तशी ती म्हणाली, "लाल दोऱ्याची मानसं घरला जातान, पांढऱ्याची नाय. मंग माझ्या मानसाला पांढरा कशाला ठेवू गो बाय?" डॉक्टरांनी कपाळाला हात लावला. सगळी मेहनत वाया गेली म्हणून मी दिवसभर धुमसत होते. परवा मात्र पट्टी बांधून घेण्याआधी मी नर्सला विचारलं, "घरी जाणाऱ्यांचा रंग कुठला गं?"