पिठातलं पाखरू

आमच्या मंडळाच्या अध्यक्षांनी एका कवीला फसवलं. कवीने तक्रार केली नाही, आणि आता तो करूही शकत नाही, म्हणून ती मी करतो आहे. माझं लंडनमध्ये, वेम्बलीत, ईलिंग रोडच्या एका गल्लीत किराणा मालाचं दुकान आहे. घासाघीस केल्याशिवाय हा माणूस बायकोच्या हातचा चहासुद्धा घेत नाही, असं लोक माझ्याबद्दल म्हणतात. म्हणोत. पण पिशवीवर एक छापून आत दुसरंच भरलं, असं मी जन्मात केलेलं नाही.

हे कवी दुकानात आले की कणकेची पिशवी उचलून कानाला लावायचे. डोळे मिटून, मान तिरकी करून, डॉक्टरसारखे. मागे रांग उभी.

"काय ऐकताय, साहेब?"

"आत कुणी रहिवासी आहे का, बघतोय."

कौन्सिलमध्ये, म्हणजे इथल्या नगरपालिकेत, नोकरी करून निवृत्त झालेला माणूस. पार्किंगच्या दंडाविरुद्ध लोक अर्ज करतात, ते वाचून 'नाही' कळवायचं, हे त्यांचं काम. तुम्हीही अशी माणसं पाहिली असतील, नोकरी सुटते पण भाषा सुटत नाही. मी तांदळाचा भाव सांगितला की ते म्हणायचे, "ग्राह्य धरता येत नाही, शेठ." थंडीलाही तेच, गुडघेदुखीलाही तेच.

एकदा बोलता बोलता मला कळलं, की माझ्या व्हॅनच्या दंडाचा अर्ज यांच्याच टेबलावरून परत आला होता. माझं डोकं फिरलं.

"म्हणजे माझं वाटोळं करणारे तुम्हीच?"

"कारण काय दिलं होतंत?"

"फक्त माल उतरवायला थांबलो होतो."

"सगळेच उतरवायला थांबतात हो. चढवायला थांबलो, असं कुणीतरी लिहायला हवं होतं. मी लगेच माफ केलं असतं."

यावर भांडायचं कसं? मी चहा मागवला.

मग एका हिवाळ्यात ते जॅमची रिकामी बरणी घेऊन आले. झाकणाला भोकं पाडलेली. आत एक पाखरू. पाखरू म्हणजे पक्षी नव्हे. आमच्या नगरकडे आणि त्यांच्या जळगावकडे धान्यात, पिठात होतो तो करडा, उडता किडा म्हणजे पाखरू. 'गव्हाला पाखरं झाली' असं घराघरात म्हणतात. इथे तर त्यांची चैनच आहे. बाहेर बर्फ पडला तरी घरात हीटिंग, म्हणजे पाखराला बारा महिने उन्हाळा.

"हे तुमच्याकडून आलंय," ते म्हणाले.

"उघडलेल्या पिशवीचा रिफंड मिळत नाही."

"रिफंड कोण मागतंय? याचे घरचे लोक इथे असतील. पोचवायला आलो."

मी झाकण उघडून त्याला चिरडायला निघालो, तर त्यांनी बरणीवर हात ठेवला आणि काउंटरवर वाकून, गिऱ्हाइकांसमोर, एक कविता म्हटली:

डबा उघडला.
पाखरू उडालं,
पीठ खाऊन पिठाच्याच रंगाचं.
मी टाळी वाजवली.
त्याला वाटलं,
आपलं कौतुक चाललंय.

मी संतापलो. भर गर्दीच्या वेळी माझ्या कणकेत किडे आहेत हे पद्यात सांगायचं? "ही दुकानाची बदनामी आहे," मी म्हणालो.

"तुमचं नाव कुठे घातलंय?"

"पीठ तर माझंच आहे ना."

"हो. पाखरू घडलंय तुमच्याच पिठाचं. त्याअर्थी तुमचा त्यात वाटा आहे."

तो दिवस मी चिडचिडीत काढला. घरी येऊन स्वयंपाकघरात गेलो तर ट्यूबलाइटजवळ एक पाखरू फिरत होतं. मी सवयीने टाळीसाठी हात उचलले आणि ते तसेच हवेत धरून उभा राहिलो. बायको म्हणाली, "काय आरती करताय?"

मला कवितेतलं काही कळत नाही. मंडळाच्या कार्यक्रमात लोक सूर्यास्तावर वाचतात, आईवर वाचतात, मायदेशावर तर वाचतातच वाचतात. मी मान डोलावतो आणि पार्किंगपर्यंत पोचेस्तोवर सगळं विसरतो. ही कविता मात्र घरी आली. तिला आठवावं लागत नाही, डबा उघडला की ती बाहेर येते. किडा आपण कधी बघत नाही, नुसता मारतो. मारायच्या आधी त्याला काय वाटलं असेल, हे कुणी एकदा सांगितलं की हात आपले राहत नाहीत.

दुकानदार असल्यामुळे मी तिचा उपयोगही केला, हे लपवत नाही. कुणी कणीक परत करायला आलं की मी पैसे न देता कविता म्हणून दाखवायचो. एजवेअरहून एक बाई यायच्या, तोंडाने तिखट. त्या ऐकून हसल्या आणि पिशवी उचलून निघून गेल्या. पुन्हा आल्या तेव्हा म्हणाल्या, "भाऊ, काय करून ठेवलंत तुम्ही? काल मला टाळी वाजवता येईना. खिडकी उघडून त्याला घालवलं, आणि बिल हीटिंगचं वाढलं."

ही बातमी कवींच्या कानावर गेली.

"शेठ, रिफंडऐवजी तुम्ही माझी कविता देता?"

"मागणी आहे."

"ग्राह्य," ते म्हणाले. हा शब्द 'नाही'शिवाय त्यांच्या तोंडून मी तेव्हाच ऐकला.

मीच त्यांच्या मागे लागून ती मंडळाच्या दिवाळी अंकाला द्यायला लावली. अंक आला आणि पान उघडलं, तर वर घिरट्या घालणाऱ्या समुद्रपक्ष्याचं चित्र आणि खाली हे:

पिंजरा उघडला.
पक्षी उडाला,
आभाळ पिऊन आभाळाच्याच रंगाचा.

पुढच्या तीन ओळी जशाच्या तशा. शाळेच्या हॉलमध्ये दिवाळीचा कार्यक्रम होता, तिथे कवींना मंचावर बोलावून अध्यक्षांनी ही कविता स्वतः वाचली. मायदेश सोडून आलेल्या आपणा सर्वांचा हा पक्षी, असंही म्हणाले. लोकांनी जोरात टाळ्या वाजवल्या. कवी मंचावर उभे होते, पिठासारखा पांढरा कोट घालून, आणि टाळी कुठून पडते ते दोन्ही बाजूंना एकेकदा बघून घेत होते.

ते खाली आल्यावर मी म्हटलं, "भांडा की. नाहीतर मी भांडतो."

"निसटलो ना, बसा आता," ते म्हणाले. थोड्या वेळाने पुरणपोळीचा तुकडा मोडत पुन्हा म्हणाले, "पक्ष्यांवर कविता करणारे खूप आहेत हो, शेठ. त्या थव्यात माझी एक गेली. आता ती ओळखायची कशी, तेवढं सांगा."

मला तेव्हा वाटत होतं, टाइप करणाऱ्याची चूक असेल. इथे वाढलेलं एखादं पोर असेल, पाखरू म्हणजे बर्ड समजलं असेल, डब्यात बर्ड कसा मावेल म्हणून त्याने पिंजरा केला असेल.

या मार्चमध्ये ते गेले. शोकसभेत पुन्हा तोच पक्षी वाचला गेला. मी अध्यक्षांना बाजूला घेतलं. ते पुण्याचे, माझ्याच वयाचे.

"पाखरू म्हणजे काय, तुम्हाला माहीत नव्हतं?"

"नसायला काय झालं? आमच्या घरी गहू निवडायचे की," ते म्हणाले. "पण शेठ, दिवाळी अंकात किडा कसा छापायचा? लोक फराळ करता करता वाचतात. मी फक्त जरा वर उचललं हो तिला."

वर उचललं म्हणे. माल वर उचलून खाली ठेवताना बदलायचा, हे बाजारात मी तरुणपणापासून बघत आलोय. त्याला आमच्याकडे वेगळा शब्द आहे, इथे लिहिण्यासारखा नाही.

मी गप्प बसलोही असतो. पण गेल्या आठवड्यात कवींची मुलगी दुकानात आली. इथेच जन्मलेली, मराठी बोलते, वाचता येत नाही.

"काका, मंडळ बाबांसाठी पार्कमध्ये बेंच देतंय. त्यावर बाबांचा पोएम लिहिणार. तो बर्डवाला."

मी तिला खरी कविता म्हणून दाखवली. पाखरू म्हणजे काय तेही सांगितलं.

"घरी मॉथ आला की बाबा टाळी वाजवायचे," ती म्हणाली. "पण ऑलवेज मिस. मी हसायची त्यांना. मला वाटायचं, ओल्ड झालेत, दिसत नाही नीट." मग डोळे पुसून तिने विचारलं, "मग काका, बेंचवर कुठला असणार? मला तर कळणार पण नाही ना. जे लिहितील ते मी मुलांना सांगणार, हे तुमच्या आजोबांचं आहे."

बाकावरची पितळी पट्टी अजून कोरायला गेलेली नाही. मी चौकशी केली आहे. मंडळाची सभा पुढच्या रविवारी आहे, कवींची मुलगी तिथे येणार आहे आणि मी तिच्या शेजारी बसणार आहे. अध्यक्षमहाशय, माझ्याशी तुम्हाला बोलायचं नसेल तर नका बोलू. पण ज्या मुलीला बापाचं अक्षर वाचता येत नाही, तिच्याकडे तोंड करून सगळ्यांसमोर सांगा: शब्द तुम्हाला माहीत होता, तर बदललात कुणाला विचारून?