गाठुली

आमच्या घरी वाईट गोष्टीचं नाव घेत नसत. बांगडी फुटली तर ती 'वाढली' म्हणायचं, तिन्हीसांजेला सापाला 'लांबडं' म्हणायचं. त्यामुळे बायकोच्या छातीतल्या गाठीचं खरं नाव डॉक्टरांनी सांगितलं, तेव्हा परतताना रिक्षातच तिने त्या गाठीला स्वतःचं एक नाव ठेवलं. गाठुली. घरी आल्यावर मी शब्दकोश काढून पाहिला. त्यात हा शब्द नव्हता.

"आज गाठुली गप्प आहे," असं ती म्हणाली की मला दोन घास जायचे. भेटायला येणाऱ्या बायकांनाही तो शब्द सोयीचा वाटला, विचारताना जीभ अडखळत नसे. हळूहळू तो गल्लीत गेला. ती गेल्यावरही राहिला. एकदा भाजीवालीच्या तोंडून, तिसऱ्याच कुणाच्या दुखण्याविषयी, तो ऐकला आणि मी भाजी न घेताच परतलो.

या उन्हाळ्यात एका सकाळी नळाला पाणी आलं होतं आणि मी पुस्तक वाचत घागर भरत होतो. शेजारच्या वहिनी टॉवेलच्या कारखान्यात शिवणकाम करतात. माझी घागर बाजूला सारत म्हणाल्या, "सर, तुमचं पुस्तक वाचून होईस्तोर पाणी जाईल की!" मग हसतच, "मलाबी गाठुली झालीया. दिवाळीपासनं."

"दाखवलं का?"

"काय दाखवायचं? दुखत न्हाय, खुपत न्हाय. नुसती गाठुली हाय. वैनींचं येगळं हुतं, त्यास्नी मोठा आजार झाला."

'वैनी' म्हणजे माझी बायको. त्यांच्या लेखी गाठुली म्हणजे चामखिळीसारखं काहीतरी, आपोआप जाणारं.

"वहिनी, तिलाही गाठुलीच होती," मी म्हणालो. "तो कॅन्सर होता. तुमचाही असू शकेल. आजच जा."

"सकाळच्या पारी काय अभद्र बोलता!" नळाचा पाईप तसाच वाहता टाकून त्या आत गेल्या. दार लागलं. दिवसभर ते उघडलं नाही.

संध्याकाळी त्यांचे यजमान फाटकाशी आले. भांडायला आले असतील म्हणून मी उठून उभा राहिलो. माझ्याकडे न बघता ते म्हणाले, "वैनींना नेत हुता तो दवाखाना कुटं हाय? नीट सांगा."

मी रस्ता सांगू लागलो. सांगता सांगता मनात दिवाळीपासूनचे महिने मोजत होतो. ते तोंडावर दिसू नये म्हणून तीच वळणं पुन्हा पुन्हा सांगत राहिलो.