मथुराबाईच्या कार्डातली खांड

ये गो सायली, अशी सरकून जवळ बस. कागदावर का होईना, पण बस, कारण आज मी तुला थोडी ओरडणार आहे. परवा फोनवर काय म्हणालीस? "कुसुमआजी, आमच्या ऑफिसचं दार कार्ड दाखवलं की उघडतं. मेट्रोला कार्ड टेकवायचं, दुकानात नुसता फोन टेकवायचा. आणि आमची आजी बघा, कार्डाला भोक पाडलं आणि नोकरी घालवून बसली!" आणि हसलीस. तुझी तरी काय चूक, तुमच्या घरात हे असंच सांगतात. पण जिला तू पाहिलंसुद्धा नाहीस, तिला हसायच्या आधी मला विचारायचंस तरी. रोह्याजवळ धाटावच्या त्या कंपनीच्या कँटीनमध्ये मी वीस वर्षं भाकऱ्या थापल्या. तुझी आजी मथुरा माझ्या डोळ्यांसमोर आली आणि डोळ्यांसमोरून गेली.

तर ऐक. तुझ्या आजीला कुठलीही वस्तू द्या, ती आधी तिची पाठ बघायची. लुगडं उलटं करून बघायची, घड्याळ उलटं करून बघायची. एकदा आम्ही दोघी गणपती ठरवायला हमरापूरला गेलो. कारखान्यात ओळीनं मूर्ती मांडलेल्या, कोणाचं सोवळं पिवळं, कोणाचं जांभळं. मी तोंडं बघत उभी, आणि ही सरळ मागे जाऊन पाठीवर टिचक्या मारायला लागली. मूर्तिकार चिडलाच. "बाय, देवाची पाठ काय बघतेस? तोंड बघ की!"

"तोंडाला रंग हाय रं. पुढून समदेच गोरे," ही म्हणाली. "खरं काय ता पाठ सांगते."

आणि निघाली की पाठीला बारीक चीर! त्यानं मुकाट्यानं दुसरी मूर्ती काढून दिली. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. हिला त्याचं काहीच नाही. येताना एसटीत मलाच म्हणते, "तू नवरा पन तोंड बघूनच केलावतास ना?"

अशी होती. पेणच्या खाडीकडची, मिठागरातल्या माणसांची लेक. माझी डाळ चाखून सगळ्यांच्या देखत विचारायची, "कुसमे, मीठ घातलंस का नुसतं त्याचं नाव सांगितलंस डाळीला?" राग यायचा, पण मीठ कमीच असायचं.

सत्त्याण्णव-अठ्ठ्याण्णवचा सुमार. मथुरा पॅकिंगमध्ये पोती शिवायला होती, बदली कामगार म्हणून. बदली म्हणजे आज आहे, उद्या नाही. पण तेव्हा आम्हां सगळ्यांना एक आकडा पाठ होता, दोनशे चाळीस. वर्षात तेवढे दिवस हजेरी भरली की कायम होण्याचा हक्क सांगता येतो. तुझे बाबा, दत्ता, तेव्हा शाळेत होता. मथुरा तापात आली, पाय सुजलेला असताना आली. पहाटे पेणच्या रामवाडी नाक्यावर कंपनीच्या बसला उभी राहायची आणि फर्स्ट शिफ्टला धाटावला हजर. "एक डाव कायम झाले ना," म्हणायची, "मंग मी पन कवातरी आजारी पडंन."

आणि त्याच वर्षी गेटवर ते मशीन आलं.

पूर्वी सुपरवायझर हजेरीबुकात टिक करायचा. ते बंद. गेटवर वितीएवढं काळं खोकं लावलं आणि प्रत्येकाला पांढरं जाड कार्ड दिलं. खोक्यासमोर धरायचं, पीं वाजलं, हिरवा दिवा लागला की हजेरी झाली. घासायचं नाही, आत घालायचं नाही. पुरुषांची तर मजाच. पाकीट मागच्या खिशात असलं तरी चालतं हे कळल्यावर ते खोक्याला कंबरच टेकवून पुढे जायला लागले. आम्ही बायका हसून हसून बेजार.

मथुरेनं पहिल्या दिवशी काय केलं? खोक्याच्या मागे डोकं घालायला गेली. भिंत! मग इन्स्ट्रुमेंट खात्यातले मोरे म्हणून फिटर होते, त्यांना गाठलं. "ह्यात सेल कुठं हाय?"

"कार्डात सेल नाहीच बाई," मोरे म्हणाले. "आत तांब्याच्या तारेचे वेढे आहेत आणि मोहरीएवढा एक कण. खोक्यातही तशीच तार. तिच्यातून वीज उलटसुलट धावते, त्यानं भोवतीच्या वीतभर हवेत एक जोर उठतो. तुमचं कार्ड त्या जोरात आलं की कार्डातल्या तारेतही आपोआप वीज उठते. तेवढ्यावर तो कण जागा होतो आणि आपला नंबर सांगतो. कार्ड लांब नेलं की झोपला."

मी म्हटलं, कळलं नाही. मथुरा म्हणाली, "मना कळला. खाडीला भरती आली की आगरातला पानी हलतं. कोन हात लावतं काय त्याला? भरती गेली की गप."

मोरे बघतच राहिले. म्हणाले, "मला हे शिकायला तीन महिने लागले होते."

आता अडचण अशी की आमच्या लुगड्याला खिसा नाही. मथुरेनं कार्ड मिसरीच्या स्टीलच्या डब्यात ठेवलं आणि डबाच खोक्यासमोर धरला. वाजेना. मोरे म्हणाले, "धातूच्या आत तो जोर पोचत नाही, कार्ड बाहेर काढा." कंबरेला खोचलं तर दोनदा पडलं. शेवटी ती कँटीनमध्ये आली. "कुसमे, याला दोरा घालून गळ्यात घालते. भोक पाड."

आणि मी पाडलं. हो, मी! चुलीवर खिळा लाल केला, चिमट्यात धरला आणि कार्डाच्या कोपऱ्यात टोचला. चर्र झालं, प्लॅस्टिकचा घाण वास सुटला. मी दोरा ओवून दिला, वर म्हटलं, "बघ कसं छान दिसतंय." तिनं सगळ्या जगाच्या पाठी बघितल्या, पण माझ्या हातचं म्हणून ते कार्ड उलटून पाहिलं नाही.

पेणची बस आली की तीस-चाळीस जण एकदम गेटवर. एकावर एक हात, पीं पीं पीं. त्यात आपलं कोणतं वाजलं, कोणाला कळणार? दिवा हातांखाली झाकलेला, गेटवरचा वॉचमन पिशव्या बघण्यात गुंग. महिना संपल्यावर फलकावर यादी लागली. तिला वाचता यायचं नाही, पण आपला नंबर ती ओळखायची. भोक पाडल्या दिवसापासून नंबरापुढे सगळी गैरहजेरी. सलग एकवीस दिवस.

पगार कापला, ते तिनं सोसलं. पण ते एकवीस दिवस धरले नाहीत तर वर्षाचे दोनशे चाळीस भरत नव्हते. पॅकिंगच्या सुपरवायझरला मी स्वतः जाऊन सांगितलं, अहो, लिहून द्या, ही रोज होती. तो बघत होता जमिनीकडे. "आता बुक बंद आहे ना मावशी. मशीन आहे." अरे, पण तुझ्या डोळ्यांना काय झालं होतं रे? आजही आठवलं की माझं रक्त उकळतं.

मोऱ्यांनी कार्ड बघितल्याबरोबर कपाळाला हात लावला. "भोक पाडलंत? वेढे कडेकडेनंच असतात हो." मथुरा माझ्या चुलीशी आली, चहाच्या उकळत्या पाण्यात कार्ड टाकलं आणि सुरीनं त्याचे पदर सोडवले. आत केसासारखी तार, कडेनं गोल गोल फिरलेली, आणि बरोबर माझ्या भोकापाशी सगळेच वेढे तुटलेले. मी नकळत त्या भोकावर बोट ठेवलं. ती मात्र हरखली होती. "बघ, बांधाला खांड पडली हितं. मंग पानी ठरंल कसा?" खाडीकडे बांध फुटतो त्या जागेला खांड म्हणतात. आता पुरावा मिळाला, साहेब बघतील, दिवस देतील, असं तिला वाटत होतं.

टाइम ऑफिसात, हजेरी बघणाऱ्या साहेबांकडे, ती गेली आणि मी मुद्दाम चहा घेऊन मागोमाग गेले. तिनं ते उकललेलं कार्ड टेबलावर ठेवलं. सगळं नीट समजावून सांगितलं, तार, जोर, खांड. साहेब ऐकत होते की नव्हते देव जाणे.

"मशीन खोटं बोलत नाही बाई," ते म्हणाले.

"खोटं नाय बोलत साहेब, पन त्याला ऐकायला तं आला पायजे. मंग त्या एकवीस दिवसांत पोती कोनी शिवली? मशीननी?"

साहेबांनी पेनच्या टोकानं कार्ड उलटं केलं. "हे कोणी उघडलं?"

"मी."

"आणि भोक?"

मी कप टेबलावर ठेवले. मी म्हटलं, "साहेब, ते..."

"मीच," मथुरा म्हणाली. माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. "घरी. खिल्यानं."

झालं. साहेब खुर्चीत मागे टेकले. म्हणजे कंपनीच्या वस्तूचं नुकसान तुम्हीच केलंत, कबूलही करताय! दिवस मिळाले नाहीतच, वर मेमो मिळाला.

कँटीनच्या मागे मी तिला धरून गदागदा हलवलं. "खोटं का बोललीस? मी सांगत होते ना!"

"सांगून काय दिवस परत आले असते?"

"नसते आले. पण खरं तर..."

"कँटीनच्या कंत्राटदारानी तुना त्याच दिशी काढली असती. एका खांडीत दोन शेतं घालवायची नसतात गो. जा, डाळ करपल."

तिचं ते बोलणं मनात आलं की चिडचिड होते नुसती. साहेबांवर होते, त्या सुपरवायझरवर होते, पण खरं सांगू, सगळ्यात जास्त तुझ्या आजीवर होते. मला एक वाक्य पुरं करू दिलं नाही तिनं. आणि माझ्यावर होते, कारण दुसऱ्या दिवशी मी एकटी साहेबांकडे जाऊ शकले असते. कोणी अडवलं होतं? गेले नाही. डाळ केली.

वर्ष सरलं आणि बदलीच्या यादीतून तिचं नाव गेलं. त्यानंतर दोन महिन्यांनी कंपनीनं प्रत्येकाला गळ्यात अडकवायची प्लॅस्टिकची पिशवी दिली, कार्ड ठेवायला, आणि गेटवर पाटी लावली, कार्डाला भोक पाडू नये. मीही ती पिशवी गळ्यात घालून रोज त्या पाटीसमोरून आत गेले.

ती परत मिठागरात गेली. मी पेणला जायचे अधूनमधून. दर वेळी ठरवून जायचे की आज दत्ताला सांगायचं. दर वेळी ती मला बाहेर ओटीवर नेऊन बसवायची, मिठाची पुडी हातात कोंबायची आणि म्हणायची, "पोरगा सुखात हाय, त्याच्या डोक्याला नको ताप." तिच्या बाराव्याला दत्ताच सगळ्यांना सांगत होता, आई हुशार, पण एक वेडेपणा केला बघा. मी तिथे बसले होते, हातात द्रोण घेऊन. तेव्हाही बोलले नाही.

आता तुला लिहिलं. पण लिहिलेलं पुरत नाही बाई. हे दत्ताच्या तोंडासमोर बोलायला हवं, आणि मला आता जिना उतरवत नाही. म्हणून बाबांना घेऊन ये. पेणहून रोह्याला किती तो वेळ? या रविवारी नाही जमलं तर पुढच्या. त्याला आधी काही सांगू नकोस, नुसतं म्हण, कुसुमआजीनं जेवायला बोलावलंय. तो रागावला तर रागावू दे, मी ऐकून घेईन. पण ये लवकर. फार दिवस घालवू नकोस.