हिस्ब

विहीर आटली हे तुम्हाला कोण सांगतं? पाणी, की विहिरीवर रोज जाणारं माणूस?

टूनगॅबीतल्या माझ्या भाड्याच्या घरामागे पावसाच्या पाण्याची पत्र्याची टाकी आहे. आज तिच्यावर सहज टकटक केलं. वरपासून खालपर्यंत पोकळ आवाज आला, आणि तापलेल्या पत्र्याच्या वासासरशी कालगुर्लीची म्हातारी शेजारीण आठवली. मी तिथे खाणीत नोकरीला होतो तेव्हा ती रोज सकाळी आपली टाकी अशीच ठोकत ठोकत खाली यायची. आवाज जिथे बदलेल तिथवर पाणी. पार तळापर्यंत बदललाच नाही, तर म्हणायची, "हिस्ब."

वेल्समधल्या गोठ्यात वाढलेली बाई. कोरड्या कपड्याला, कोरड्या हवेला तिच्या भाषेत वेगळा शब्द, रोमन लोकांबरोबर लॅटिनमधून आलेला. हिस्ब मात्र घरचा, जुन्या केल्टिक मुळाचा. दूध द्यायचं थांबलेल्या गाईला, झरे बुजलेल्या विहिरीला तो लागतो. जे एकेकाळी देत होतं, त्याला.

"तुमच्यात काय म्हणतात रे?"

"आटली. गाय आटली, विहीर आटली."

"म्हणजे गाई होत्या तुमच्याकडे! मला वाटलं, नुसते लॅपटॉप."

एका आर्व्होला, म्हणजे तिकडच्या बोलीत दुपारी, ती म्हणाली, "माझे गोठ्यातले सगळे शब्द तुझ्या फोनवर घे. पोरीला नकोत, पण नातींना लागतील." मी म्हणालो, पुढच्या रविवारी. का, तर मी मातृभाषा वाचवण्याची पत्रकं लिहीत होतो! चळवळीतल्या घरात, पत्रकांच्या गठ्ठ्यांवर बसून जेवत मोठा झालेला मी. भाषा म्हणजे मला घोषणाच वाटायची. असे चार रविवार गेले. पाचव्याच्या आधी तिला अर्धांगाचा झटका आला. मुलीने तिला पर्थला नेलं. वाचा गेली ती गेलीच. स्वतःवरच्या संतापाने माझी कानशिलं अजून तापतात.

आज टाकीपाशी उभं राहूनच पर्थला फोन लावला.

"ती बोलत नाही, मेट," मुलगी म्हणाली.

"फोन नुसता तिच्या कानाशी धर."

मी टाकी वरून खाली ठोकत आणली, आणि म्हणालो, "हिस्ब."

मग पलीकडून पलंगाच्या कठड्यावर टक, टक, टक. शब्द नाही.

"हे काय करतेय ती?" मुलगी विचारत राहिली. आईची रोजची सकाळ, आणि तिला एवढंही ठाऊक नव्हतं.

तुमच्या घरातल्या म्हाताऱ्या माणसाजवळ आज बसा. रविवारची वाट बघू नका. फोन सुरू करा आणि त्याच्या कामातला एक शब्द विचारा. पत्रकं मग छापू.